सापडलं की सांगतो

डिंगोऱ्याच्या आमच्या शाळेतले लिनक्सचे संगणक अडले की आळेफाट्याहून दुरुस्तीवाला येतो. चहा कधी घेत नसे. चष्मा कपाळावर चढवून लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेली नोंद, बोट फिरवत वाचायचा. "मशीन खोटं बोलत नाय, मॅडम."

त्या दिवशी परीक्षा होती आणि एकाही मुलाचं लॉगिन होईना. आदल्या दिवशी मुलांच्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी मीच चुकून काढून बसले होते; मुख्याध्यापक सरांपुढे बोलायचा धीर होईना. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथं माझं नाव होतं.

"कुणी केलं हे?" मुख्याध्यापक कडाडले.

"सापडलं की सांगतो, सर," म्हणत त्यानं परवानगी पूर्ववत केली. परीक्षा सुरू झाली.

सर अजूनही विचारतात. तो "शोधतोय" म्हणतो, आणि माझ्या हातचा चहा घेतो.