नामवंत आणि कार्यरत कलावंत पाहिजे

आमच्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षी एक सत्र इंटर्नशिप करावी लागे. तिचा नियम विभागप्रमुखांना तोंडपाठ होता : मोठ्या शहरातल्या, नामवंत आणि कार्यरत कलावंताकडे. हे म्हणताना ते दोन बोटं वर करत. "नामवंत पाहिजे आणि कार्यरतही पाहिजे. एकावर भागणार नाही." असं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का, म्हणून मी विचारलं तेव्हा त्यांनी बोटं खाली घेतली. म्हणाले, "शोधणं हा इंटर्नशिपचाच भाग आहे."

मी जुन्या जालन्यातली. अब्बा कापडाच्या ठोक दुकानात सेल्समन. घरात उर्दू, शाळा मराठी, आणि चित्रकलेशी घराण्याचा संबंध एवढाच, की अम्मी मेंदी बरी काढते. मी मोबाइलवरून मुंबईच्या कलावंतांना मेसेज पाठवायला लागले. बहुतेकांनी वाचून सोडून दिलं. एकाने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा यावर मी आणि माझी मैत्रीण एक अख्खी दुपार बोलत बसलो. एकीने लगेच फोन केला, पण तिला रील कापणारी मुलगी हवी होती. "चित्रं मी काढते गं, ती लोकांपर्यंत पोचवणारं कुणी नाही."

शेवटी समक्ष जायचं ठरवलं. मुंब्र्याला माझी खाला, म्हणजे अम्मीची बहीण, राहते. तिच्याकडे उतरले आणि एकेकाचं दार वाजवायला लागले.

पहिले भेटले ते म्हातारे चित्रकार खरोखर नामवंत होते. त्यांनी पोहे खायला दिले, माझी चित्रं बारकाईने पाहिली, दोन ठिकाणी चूक दाखवली आणि ती बरोबर होती. मग मी इंटर्नशिपचा विषय काढला. ते म्हणाले, "बाळ, मी ब्रश खाली ठेवला त्याला बरीच वर्षं झाली. आता मी फक्त नामवंत आहे." दुसऱ्या बाई एका उड्डाणपुलाच्या खांबावर परातीतून रंग घेऊन चित्र काढत होत्या. उन्हात, कमरेला पट्टा बांधून, वर चढून. मी खालून ओरडून विचारलं, त्यांनी वरूनच हो म्हटलं. मी आनंदाने विभागप्रमुखांना कळवलं. त्यांनी त्या बाईंचं नाव शोधून पाहिलं आणि म्हणाले, "कार्यरत आहेत. पण आहेत कोण?"

तिसरे शिल्पकार. त्यांच्या लोखंडी शिल्पांचे फोटो आम्हाला वर्गात दाखवले होते, त्यामुळे विभागप्रमुखांचं पहिलं बोट तर वर झालंच असतं. त्यांचा स्टुडिओ म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गार गाळा. आत लोखंडाचा तुकडा नव्हता. दोन संगणक, एक लांब टेबल, त्यावर तारेची इवलीइवली मॉडेल्स. शिल्पकार हळू आवाजात बोलायचे. काळी कॉफी पीत त्यांनी माझं काम पाहिलं आणि विचारलं, "कुठली तू?"

"मराठवाड्यातली."

"मराठवाड्यात कुठली?"

जालना म्हटलं की पुढचा प्रश्न 'ते कुठे आलं' असा येतो, हे मला ठाऊक झालं होतं. तरी म्हटलं, "जालना."

त्यांनी कप खाली ठेवला. "जालन्याची? अगं, मग इतके दिवस होतीस कुठे?"

मला वाटलं, नशीब उघडलं. गावाचं नाव ऐकून कुणी खूश झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी उभ्याउभ्या मला इंटर्न म्हणून घेतलं. मी घरी फोन केला. अब्बांनी दुकानात पेढे वाटले, अम्मीने गल्लीत. आठवडाभर मी त्या गार गाळ्यात बसून मॉडेल्सवरची धूळ ब्रशने झटकली. मग एके दिवशी शिल्पकारांनी एक मॉडेल माझ्या हातात दिलं. वाकड्यातिकड्या तारांचा गुंता होता, झाडाच्या मुळांसारखा. म्हणाले, "हे पुढचं काम. माणसाच्या दुप्पट उंच होईल. सोमवारपासून तू साइटवर जा."

"साइट कुठे आहे, सर?"

"तुमच्याकडेच. जालन्याच्या एमआयडीसीत. सळई तिथेच स्वस्त, माणसं तिथेच. माझी सगळी कामं तिथे होतात." माझा चेहरा पाहून ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मुंबईत वेल्डिंग कोण करतं? मुंबईत उद्घाटनं होतात."

मी बॅग भरली. खालाने डबा दिला. जालन्याला उतरून रिक्षाने गल्लीत शिरले, तर पेढे खाल्लेली सगळी तोंडं दारात. शेजारच्या फुफ्फी म्हणाल्या, "कायकू वापस आ गई? निकाल दिये क्या?" मी सांगायला लागले, की इंटर्नशिप मुंबईचीच आहे, फक्त ती इथे करायची आहे. सांगतासांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. त्या रात्री अम्मी माझ्याशी फार मायेने वागली. मला त्याचाच राग आला.

अब्बांनी मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात एका वाक्यात मिटवलं. "मुंबई के ऑफिस ने जालना पोस्टिंग दी." एवढं ऐकल्यावर लोकांची नजरच बदलली. आमच्या गल्लीत एक झेडपीचे गुरुजी आहेत. स्वतःच्या तालुक्यात बदली मिळावी म्हणून त्यांची हयात गेली. ते मला थांबवून हळूच म्हणाले, "पहिल्याच फटक्यात घराजवळ? ओळख कुणाची लावल्ती?"

शेड एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला होती. मालक बदनापूरकडचा. फाटकं, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीचे स्टँड ही त्याची नेहमीची कामं. शिल्पकारांची ऑर्डर तो इतर ऑर्डरींसारखीच करायचा, फक्त तिला 'मुंबईचा माल' म्हणायचा. मी मॉडेल टेबलावर ठेवलं. त्याने चारी बाजूंनी पाहिलं.

"ताई, हे काय बनवून राह्यलो आपण?"

"मुळं आहेत."

"कशाची?"

मी शिल्पकारांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, "विस्थापनाची." मी तसं सांगितलं. मालकाने मान हलवली. "बरं. पण इतकी वाकडी कामून?"

"मॉडेलमध्ये आहेत तशीच करायची," एवढंच मी म्हटलं. सळया गॅसने तापवायच्या, टोकाला पाइप घालून ओढायच्या आणि मॉडेलमध्ये आहे तसा बाक आणायचा. सुरुवातीला मी नुसतं बोट दाखवायचे. मग मालकाच्या माणसांनी मला हातमोजे दिले आणि ओढायला लावलं. तापलेली सळई आधी हलतच नाही, मग एकदम ऐकते. त्या क्षणाची मला चटक लागली. कॉलेजात मी इतकी वर्षं रंगात आणि मातीत काम केलं होतं, पण दिवस कधी एवढ्या पटकन संपला नव्हता.

मध्ये ईदसाठी सुट्टी घेतली. परत आले तर शेड झाडून स्वच्छ, आणि आम्ही वाकवलेल्या सगळ्या सळया भिंतीला ओळीने उभ्या. सरळ. टेबलावर मॉडेलच्या तारा होत्या, त्याही सोडवून, सरळ करून, रबर लावून ठेवलेल्या.

मालक खुशीत होता. "ते मॉडेलच गाडीत दबून वाकडं झालं असंल, म्हणलं. तुमी न्हवत्या म्हणून पोरांनी जादा बसून सरळ केलं. वाकडा माल मुंबईला गेला असता तर नाव खराब झालं असतं आपलं. जादा पैसे न्हाई लावणार मी."

मी खाली बसले. हसू येत होतं आणि रडूही. शिल्पकार तेव्हा परदेशी गेले होते, फोन लागत नव्हता, मॉडेलचा फोटो माझ्याकडे धड नव्हता. माल न्यायला गाडी ठरलेली होती. चहा झाल्यावर मी खडू घेतला आणि शेडच्या फरशीवर रेषा काढायला लागले. मुळं काही आठवेनात. मग मला जे वळणासकट पाठ होतं तेच काढलं : आमची गल्ली, गल्लीतून मशिदीकडे, तिथून धान्याच्या आडतीमागून अब्बांच्या दुकानाकडे, पुढे शाळेपर्यंत. जुन्या जालन्यात सरळ रस्ता फारसा नाहीच, त्यामुळे वाकडेपणाला तोटा पडला नाही. मालक पाहत होता. म्हणाला, "आता पुन्हा वाकडं करायचं?" मी हो म्हटलं. "तुमच्या मुंबईवाल्यांचं काही खरं न्हाई," म्हणून त्याने गॅस पेटवला.

शिल्पकार परतल्यावर व्हिडिओ कॉलवर त्यांनी ते पाहिलं. मला मोबाइल शिल्पाभोवती दोनदा फिरवायला लावला. मग म्हणाले, "बिलकुल माझ्या मनात होतं तसं." पुढच्या आठवड्यात ते फोटोग्राफर घेऊन आले. वेल्डिंगचा होल्डर हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतले. मालक दोनदा म्हणाला, "साहेब, चष्मा लावा, डोळे जातील." मशीन बंद होतं, पण शेडचा तो नियम त्याने साहेबांनाही सोडला नाही.

मुंबईच्या प्रदर्शनाला मी गेले. पांढऱ्या दालनात दिव्यांखाली ते शिल्प पाहिलं आणि मला खरंच अभिमान वाटला, त्यात खोटं नाही. एक समीक्षक बाई शेजारी उभ्या राहून आपल्या सोबत्याला सांगत होत्या, "पाहा, यातली एकही वाट घराकडे जात नाही. हीच तर विस्थापनाची वेदना." मी त्यांच्या खांद्यावरून आमचं दार शोधलं. ते डावीकडे, खालून तिसऱ्या वळणाशी होतं.

कॉलेजात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हरकत घेतली, की इंटर्नशिप जालन्यात झालेली दिसते आणि जालना हे मोठं शहर नाही. तेव्हा विभागप्रमुखांनी शिल्पकारांचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यावर मुंबईचा पत्ता होता आणि 'आमच्या स्टुडिओत तन्मयतेने काम केले' असं लिहिलं होतं. मी पास झाले.

त्यानंतर मी शेडमध्येच राहिले. आता मुंबईच्या आणखी दोघांची कामं तिथे होतात आणि वाकडं काय ठेवायचं, सरळ काय करायचं, ते मी ठरवते. एकदा धीर करून मी शिल्पकारांना म्हटलं, की माझं आणि शेडमालकाचं नाव कुठेतरी यावं. ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अगं, मग आधी बोलायचं नाही का?" मुंबईच्या पुढच्या प्रदर्शनात नावं आली. पाटीचा फोटोही त्यांनी आठवणीने पाठवला. मी तो मालकाला दाखवला. इंग्रजीत आमची दोन नावं होती आणि वर एक ओळ.

"वर काय लिवलंय?"

"स्थानिक सहकार्य."

"स्थानिक म्हंजे?"

"म्हणजे तिथलीच माणसं."

त्याने जरा विचार केला. "म्हंजे मुंबईची?"

"लिहिलंय तर तसंच."

"मंग बराबर हाये," तो म्हणाला आणि चष्मा लावून एका फाटकाच्या बिजागरीकडे वळला. ते त्याला संध्याकाळच्या आत वाटूरला पोचवायचं होतं.