वास आल्याचा अभिनय

टीव्हीवरच्या नव्या जाहिरातींना मी मार्क देते. शिरूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात गेली काही वर्षं माझा कोपरा आहे. माझं माहेर केंदूरचं, संपादक वडिलांच्या ओळखीचे. एकदा मी फोन करून त्यांना सुनावलं, की तुमच्या अंकात बातम्यांपेक्षा वाढदिवसाचे फोटो जास्त असतात, जरा वाचण्यासारखं काही छापा. ते म्हणाले, "ताई, मग तुम्हीच लिवा की." मी म्हटलं, लिहिते. बाकीच्या बायका मालिका बघतात आणि जाहिरात लागली की उठून भाजी परततात. मी उलटी. मालिका लागली की मी उठते. अर्ध्या मिनिटात माणसाला हसवायचं म्हणजे खायचं काम नाही, आणि ते कुणाला साधलं, कुणाला नाही, हे मला कळतं. निदान कळतं असं मला वाटायचं. ह्या कळण्यापायी आमच्या शेजारच्या माणसाची छाती कायमची गेली. तेच सांगायला बसले आहे आणि नटवून सांगणार नाही.

दौंडला आमचं दोन खोल्यांचं घर. आमचे हे कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचा तो ह्यांचाच पार्टनर, बिहारचा, चाळिशीतला, बायको आणि दोन मुली घेऊन आलेला. दोघांची शिफ्ट एक, प्लांट एक, जायची-यायची बस एक. सकाळची शिफ्ट असली की संध्याकाळी तो चहाला आमच्याकडं. मी वही घेऊन बसायची आणि दोघं मार्क सांगायचे. तो ह्यांना भाई म्हणायचा, मला भाभी. मराठी त्याला सगळं कळायचं, बोलायचा मात्र हिंदीच.

आमचं परीक्षण कडक असायचं. हिंदीतून डब केलेली जाहिरात तर माझ्या डोक्यात जाते. ओठ एक बोलतात, ऐकू दुसरंच येतं. कपड्यांच्या साबणाच्या जाहिरातीत सून सासूला म्हणते, "आई, ही शुभ्रता अद्भुत आहे." मी लिहिलं, अगं बये, केंदुरात असं बोललीस तर सासू तुला देवऋष्याकडं नेईल. पाबळच्या एका सलूनमध्ये ते म्हणे मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. मी दोन दिवस हवेत होते.

ह्यांच्या हसण्यावर माझा फार भरवसा. चांगल्या जाहिरातीत हसू कुठं येणार हे ह्यांना आधी कळायचं आणि हे एक क्षण आधीच हसायचे. माझ्या लेखात 'एक जाणकार प्रेक्षक' म्हणून जे कोणी यायचं ते हेच. हे हसले नाहीत तर मी बिनदिक्कत दोन मार्क कापायची.

मग एक जाहिरात आली, बुटात टाकायच्या पावडरीची. एसटीत एक माणूस बसतो आणि बूट काढतो. शेजारचा हळूच उठून उभा राहतो. मग पुढचा, मग मागचा. सगळी एसटी कडेला उभी आणि हा एकटा बाकावर ऐसपैस. त्याला वाटतं लोक आपल्याला मान देतायत. तो निवडणुकीला उभा राहिल्यासारखा सगळ्यांना हात जोडतो. अख्ख्या जाहिरातीत एक शब्द नाही, आणि एकही माणूस नाकाला हात लावत नाही. मी पदर तोंडात कोंबून हसले. पार्टनर तर खुर्चीतून खाली यायचा बाकी होता. आणि हे भिंतीकडं बघत म्हणाले, "दोन दे." मी म्हटलं, दहापैकी? "मग काय शंभरापैकी? काय हाय त्यात हसण्यासारखं."

त्यानंतर उदबत्ती, मसाला, फिनेल, जे काही नाकाशी येईल त्याला हे दोन नाहीतर तीन देऊ लागले. आता ह्या जागी दुसऱ्या बाईनं विचारलं असतं, अहो, तुम्हाला बरं वाटत नाही का. मी परीक्षक ना. मला वाटलं, माझ्या जाणकार प्रेक्षकाची आवड बदलली. मी पानभर लेख लिहिला, की वासावरचा विनोद आता शिळा झाला, जाहिरातवाल्यांनी दुसरं काही शोधावं. संपादकांचा फोन आला, ताई, ह्या वेळी लई भारी लिवलंय.

पुढच्या महिन्यात एका दुपारी मी दूध गॅसवर ठेवून दारात लसूण सोलत बसले आणि बोलता बोलता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. परत येते तो पार्टनरची बायको धावत आमच्या घरात शिरत होती, "भाभी, कुछ जल रहा है." पातेलं काळं ठिक्कर. घरभर करपलेला वास, शेजारपर्यंत गेलेला. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, पातेल्यापासून चार हातांवर, हे ओट्याकडं पाठ करून पेपर वाचत बसलेले. तिनं गॅस बंद केल्यावर ह्यांनी मान वर केली.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, खरं सांगा. त्यांनी सांगितलं. वर्ष होऊन गेलं होतं. एका तापानंतर वास कमी कमी होत गेला आणि त्या बुटाच्या जाहिरातीच्या सुमारास काहीच उरलं नाही. तापानं गेला की इतक्या वर्षांच्या कंपनीच्या हवेनं, देव जाणे. कांदा, फिनेल, माझ्या डोक्यातलं तेल, कशाचाच वास येत नव्हता.

इथं एक सांगायला हवं. प्लांटवर गॅसचे मीटर आहेत, तेही ठरावीक जागीच, पण जुनी माणसं मीटरच्या आधी नाकावर विसंबतात. राऊंड मारताना जागोजागी थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि जरा उग्र आलं तरी मास्क चढवायचा. नियम म्हणतो मास्क कायम तोंडावर हवा. पण आठ तास ते रबर तोंडाला बांधून बघा, म्हणजे तो सगळ्यांच्या गळ्यात का लटकतो ते कळेल. अशा ठिकाणी ह्यांच्या नाकाला मोठा मान होता. नव्या माणसाला हेच शिकवायचे, कुठला वास कशाचा. सुपरवायझरसुद्धा एखाद्या पंपाशी ह्यांना बोलावून विचारायचा, काय म्हणता, येतंय का काही.

"सांगितलं तर पॅकिंगला टाकतील," हे म्हणाले. "ज्यांना मी शिकवलं तीच मला खोकी मोजायला लावतील. दोन वर्सं राह्यली रिटायरला. कुणाला बोलू नगं."

"आणि आजपर्यंत कसं निभावलं?"

"पार्टनरच्या तोंडाकडं बघून. त्याला आला की मला आला."

"आणि तो कुणाकडं बघतो?"

"माझ्याकडं."

आणि आम्ही दोघं हसलो. काय बुद्धी झाली होती कोण जाणे, पण हसलो.

मग मी जे केलं ते मलाच सुचू शकलं असतं. मी म्हटलं, तुमचा अभिनय वाईट आहे, कुणीतरी पकडेल. जाहिरातीतला माणूस वास आला की नाक फेंदारतो, डोळे मिटतो, मान डोलावतो. सगळं खोटं. खऱ्या माणसाला वास आला की तो आधी बोलायचा थांबतो, नाकाचं त्याला नंतर सुचतं. आणि वास नसला तरी माणूस लगेच नाही म्हणत नाही. थांबतो, मान जरा खाली घालतो, एक श्वास घेतो, आणखी एक घेतो, आणि मग सहज म्हणतो, काही नाही. टीव्हीवर वासाची जाहिरात लागली की मी ह्यांना दाखवायची, हे बघा, हा चुकला, ही बाई बरोबर करते. हे उंबऱ्यात उभे राहून करून दाखवायचे. मी चुका काढायची, घाई झाली, भुवया कशाला उडवता, पुन्हा करा. आठवड्यात असे तयार झाले की मी दहापैकी नऊ दिले. टीव्हीवर इतकं चांगलं काम मी क्वचित बघितलंय. मला त्यात मजा येत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण येत होती.

सहा-सात महिने सुरळीत गेले. मग थंडीत पार्टनरला सर्दी झाली. साधी सर्दी, मीच त्याला आल्याचा काढा करून दिला होता. त्या दिवशी सकाळची शिफ्ट होती. दुपारी बस आली, पण तिच्यातून हे उतरले नाहीत. संध्याकाळी कंपनीच्या गाडीनं घरी आले ते कपडे बदललेले, डोळे लाल. पार्टनरला पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याची बायको मुलींना माझ्याकडं टाकून त्याच गाडीनं गेली. मुली जेवून टीव्हीसमोर बसल्या तेव्हा ह्यांनी मला आत बोलावून सांगितलं.

"राऊंडला होतो. त्याचं नाक चोंदल्यालं. म्हणला, भाई, कुछ आ रहा है क्या? मी थांबलो. मान खाली घातली. दोनदा श्वास घेतला. म्हणलो, काय न्हाई, चल." मग म्हणाले, "तू शिकवलंस तसंच केलं."

तो पुढं गेला आणि व्हॉल्व्हवर वाकला. मास्क गळ्यात. पाइपाच्या जोडातून गॅस गळत होता, तोंडावरच. हे दहा पावलं मागं होते. तो कोसळल्यावर ह्यांनी आपला मास्क चढवला आणि त्याला ओढत बाहेर काढलं.

जीव वाचला, पण छाती आतून भाजली. महिनाभर तो दवाखान्यात होता. मधल्या काळात कंपनीत चौकशी झाली. साहेबांनी ह्यांना विचारलं, आधी काही वास आला होता? हे म्हणाले, नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिथल्या सगळ्यात चांगल्या नाकाला वास आला नाही म्हणजे वास नव्हताच, असं कागदावर आलं. गळती अचानक झाली आणि कामगारानं मास्क लावला नव्हता. सगळी चूक पार्टनरच्या माथी बसली. आणि सोबत्याला बाहेर काढलं म्हणून ह्यांना कंपनीच्या कार्यक्रमात शाल आणि नारळ मिळाला. हे घेऊन आले. शाल कपाटात पडली आहे. नारळ मी घरात फोडला नाही, देवळात ठेवून आले.

आणि हो, त्या महिन्यात मी एकाही आठवड्याचं परीक्षण चुकवलं नाही. कशी लिहीत होते, माझं मला ठाऊक. संपादकांना काहीच फरक जाणवला नाही.

पार्टनर घरी आला तो अर्धा होऊन. प्लांटवरचं काम त्याला आता जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी गावी जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो आणि त्याची बायको निरोप घ्यायला आले. मी टीव्ही लावला, सवयीनं. एक नवीच जाहिरात लागली, मोबाइलच्या रिचार्जची. वरातीतली घोडी अडून बसते आणि नवरदेवाला सोडून त्याच्या सासऱ्याच्या मागंमागं चालू लागते. चांगली केली होती. पार्टनर हसला. पहिलं हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ त्याचा श्वास अडकला. खोकला थांबेना. ओठ निळे पडले. बायको त्याची पाठ चोळत राहिली, मी पाणी आणलं, ते त्याला पिता येईना. बऱ्याच वेळानं तो सावरला. त्याच्या बायकोनं मला बाजूला घेऊन अगदी अदबीनं सांगितलं, "भाभी, इनको हँसाइए मत. डॉक्टर ने मना किया है."

मी टीव्ही बंद केला. पार्टनर ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "नसीब है भाई. आप जैसे आदमी को नहीं आया, तो किसको आता." तो ह्यांची समजूत घालत होता. हे खाली फरशीकडं बघत बसले होते. मी किती वेळ वाट बघितली की हे बोलतील. मग मीच माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "भैया, इनको बास आता ही नहीं. कब से नहीं आता. आपको पता नहीं चलना चाहिए इसलिए मैंने इनको नाटक सिखाया."

त्याच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं ती आता मला शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पार्टनरनं ह्यांच्या तोंडाकडं बघितलं, पंपाशी उभं राहून बघत असेल तसं, नीट. मग म्हणाला, "हमको बोल देते, भाई. हम दोनों के लिए सूँघ लेते. जिस दिन हमारी नाक बंद रहती, उस दिन दोनों मास्क लगा लेते."

एवढं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं.