वाळीतल्या घरचं पाणी

सगुणा शिरसाठ मूळची नगरकडची. तिचे वडील तिकडच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचे आणि वाजवून झाली की मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायचे. "पण एक वचन त्यांना पाठ होतं," ती सांगायची. "शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीती कर. बाकीचं सगळं घोरण्यात गेलं."

रोह्याच्या एका दवाखान्यात तिने तीस वर्षं परिचारिकेचं काम केलं. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर तिने पेण-रोहा रस्त्यावरून आत असलेल्या एका गावात खोली घेतली, हैबतरावांच्या घरामागची. गाव तिला सिस्टर म्हणू लागलं. कुणाचं बीपी बघ, कुणाची जखम धू, असं चालायचं. हैबतरावांच्या पायाला साखरेची जखम होती; तिची पट्टी ती रोज सकाळी बदलायची. हैबतराव गावचे पंच.

समोर रघूचं घर. त्या घराशी कुणी बोलत नसे. आदल्या वर्षी शिमग्याच्या पालखीवरून रघूची पंचांशी बाचाबाची झाली होती, तेव्हापासून.

"वाळीत टाकलंय?" सिस्टरने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"शू! तसं म्हणू नको गो," हैबतरावांची बायको गिरजाबाई म्हणाली. "त्याला आता कायदा हाय. नुसतं कोण बोलत नाय."

सिस्टरही बोलली नाही. खोली भाड्याची, गाव परकं. रघूची बायको नूतन पाण्याला निघाली की सिस्टर खिडकीपासून आत सरकायची. अशी दोन वर्षं गेली. दर रविवारी ती वडिलांचं वचन म्हणायची आणि सोमवारी पुन्हा मान खाली घालून चालायची.

मग रघू गेला. धाटावला कंपनीत, सकाळच्या शिफ्टला, मशीनपाशीच कोसळला. कंपनीतल्या माणसांनी त्याला घरी आणलं, त्यांनीच खांदा दिला आणि तीच माणसं बसने परत गेली. गावातलं एकही दार उघडलं नाही.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात, त्याला कडू घास म्हणतात. सिस्टर खिडकीशी उभी राहून वाट बघत होती. घराघरात फोडणीचे वास सुटले. रघूच्या पायरीवर ताट घेऊन कुणी चढेना. दिवेलागण झाली.

तिने बेसन कालवलं.

झाकलेलं ताट घेऊन ती निघाली तशी गिरजाबाई अंगणात आडवी आली. "कुठं चाललीस?"

"समोर."

"सिस्टर, येडी का खुळी? आमचे हे खोली काढून घेतील."

"दोन वर्षं खोली सांभाळली, गिरजाबाई. आज दोन पोरकी माणसं उपाशी बसलीत."

नूतन भिंतीला टेकून बसली होती. बारावीतली लेक पिंकी तिच्या मांडीवर डोकं ठेवून. सिस्टरने ताट ठेवलं, भाकरी मोडली आणि पहिला घास स्वतःच्या हाताने नूतनच्या तोंडाशी नेला. नूतनने बराच वेळ तोंड उघडलं नाही. मग उघडलं. खाताना तिला रडूही येत होतं.

निघताना सिस्टरच्या तोंडून सवयीने गेलं, "येते हं." लगेच तिने जीभ चावली. मयताच्या घरून निघताना येते म्हणायचं नसतं. नगरकडेही नसतं आणि इथंही नसतं.

पिंकीने मान वर केली. "या. तीन वर्षांत असं कुणीच म्हणालं नाय."

दुसऱ्या दिवशी हैबतराव पाय स्टुलावर ठेवून बसले होते. सिस्टरने जखम धुतली, औषध लावलं, पट्टी गुंडाळली.

"खोली खाली करा," ते म्हणाले.

"गाठ मारू द्या आधी."

"तुमच्या पुस्तकात काय लिवलंय ते आमाला नको."

"शेजाऱ्यावर प्रीती करा, एवढंच लिहिलंय. शेजारी कोण, असं लोक तेव्हाही विचारायचे." तिने गाठ घट्ट केली. "पट्टी भिजवू नका. उद्या सकाळी येते बदलायला."

"त्या घरचा उंबरा ओलांडलेला पाय माझ्या दारात नको."

दुपारपर्यंत तिची ट्रंक नूतनच्या पडवीत होती.

"आता तुमालाही कोण विचारणार नाय," नूतन म्हणाली.

"मीही दोन वर्षं तुला विचारलं नाही. ते आधी पोटात घाल."

नूतनने पडवीचा कोपरा झाडून दिला.

गाव चार दिवस गप्प राहिलं. पाचव्या दिवशी जनू म्हातारा बीपी वाढल्यासारखं वाटतंय म्हणत मागच्या दाराने आला. मग पोळलेलं पोर घेऊन एक बाई आली, तीही मागून. पावसात मागे चिखल झाला, तेव्हा माणसं पुढून यायला लागली. ओटीवर टेकायची, पण बोलायची फक्त सिस्टरशी. नूतन समोरून गेली की छपराकडे बघायची.

हैबतराव आले नाहीत. पट्टी बदलायला रिक्षाने पेणला जायचे, मग तेही सोडलं. एका सकाळी गिरजाबाई धावत आली. "सिस्टर, बोट काळं पडत चाललंय गो. घरात येऊ देत नायत तुला, हट्टाला पेटलेत."

"मग त्यांना इथे आण."

गिरजाबाई गेली. सिस्टर आत वळली. नूतन चुलीपाशी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"खांदा दिला नाय त्यानं माझ्या माणसाला."

"नाही दिला."

"तुमचा देव सांगत असंल. मला नाय जमायचं."

"घर तुझं आहे. तू नको म्हण, मी रस्त्यावर बसून पट्टी बांधीन." सिस्टरने खरंच पिशवी उचलली.

नूतन चुलीकडे वळली. सिस्टर पायरीपर्यंत आली. समोरून गिरजाबाईच्या खांद्यावर भार टाकून हैबतराव येत होते. अंगणाच्या कडेला ते थांबले. पुढे पाऊल पडेना.

"इथंच बांधा."

"इथेच," सिस्टर म्हणाली आणि चिखलात गोणपाट टाकू लागली. गुडघे तिचे कधीच कामातून गेलेले. एक हात भुईवर टेकून ती कशीबशी खाली बसू लागली.

"वर घ्या त्यांना," मागून आवाज आला.

नूतन दारात उभी होती. हातात पातेलं, हलकी वाफ निघत होती. ते तिने ओटीवर ठेवलं. "उकळून कोमट केलंय. चिखलात नका बसू."

हैबतराव पायरी चढले. सिस्टरने त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि नूतनच्या घरच्या पाण्याने जखम धुवायला लागली. पू गेला, वरची काळी खपली सुटली, खालची कातडी लाल दिसली. "जीव आहे अजून बोटात," ती म्हणाली. "पण आजच पेणच्या डॉक्टरला दाखवा. रोजची पट्टी मी बघते."

पट्टी झाली. गिरजाबाईने हात पुढे केला, तो न घेता हैबतराव उठले आणि दाराकडे न बघताच म्हणाले,

"येतो गो, नूतन."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"उद्या लवकर या," नूतन म्हणाली. "पिंकीच्या अंघोळीआधी चूल मोकळी असते."