दीड हात वळचण

शेजारच्या काकांनी गोठा पाडला तेव्हा आमच्या वस्तीत कुणालाच वाईट वाटलं नाही. जनावरं केव्हाच विकली होती, आत नुसत्या माश्या आणि मोडका पाळणा होता. त्या जागेवर काका खोल्या बांधणार होते. खाली पिठलं-भाकरीची सोय, वर झोपायची. राजगडावर शनिवार-रविवार एवढी गर्दी होते की पायथ्याच्या पालीच्या अलीकडच्या आमच्या गावातही लोक पडवीत झोपायचे पैसे देतात.

आमची बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला आहे. ती कडेलाच का, हे मी इथं समजावत बसणार नाही. ज्याला ठाऊक नसेल त्यानं आपल्या गावात एकदा चालत फेरी मारावी. पण गंमत अशी की गडाकडं जाणारा डांबरी रस्ता नेमका याच कडेनं गेला. जी जागा गावाला नको होती ती एका रात्रीत मोक्याची झाली. काका आमच्या नात्यातले नव्हेत; शेतकरी, राहायला गावात, पण त्यांचा गोठा आमच्या आत्याच्या घराला लागून होता. म्हणून हे सगळं घडलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं घर म्हणजे आजोबांचंच जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कौलं. इकडं वेल्ह्याच्या बाजूला पाऊस येतो तो पडत नाही, राहायला येतो. मातीची भिंत त्यात टिकते ती एकाच गोष्टीमुळं: वळचण. आपल्या छपराचं पाणी आपल्याच जागेत पडलं पाहिजे, म्हणून प्रत्येकानं हद्दीपासून दीड हात आत बांधायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. तुमचा दीड हात आणि माझा दीड हात मिळून मध्ये बोळ होतो. त्या बोळातून पाणी ओढ्याला जातं, वारा फिरतो, भिंत वाळते. गोठ्यानंही ही वळचण सोडली होती. जनावरांच्या गोठ्यानं पाळलेला नियम माणसांच्या खोल्यांना जड झाला.

आत्या वरव्याला लेकीकडं गेली होती. परत आली तर जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ, अगदी हद्दीवर. अर्धा बोळ गेला होता. तिनं पिशवी खाली ठेवली नाही, तशीच काकांच्या दारात गेली. मीही तिच्या मागं.

"आक्का, बसा की," काका म्हणाले.

"बसायला न्हाई आले. रेघ कुणी मारली?"

"इंजिनिअरनं. नकाशा पास झालाय." त्यांनी मोबाईल काढून शिक्क्याचा फोटो दाखवला. "गावठाणात जागा अरुंद असंल तर हद्दीला भिडवून बांधता येतं. सरकारचाच नियम हाय. म्या काय चोरी केली व्हय?"

"चोरी न्हाई केलीस. पर सगळं पाणी माझ्या अर्ध्यात आलं तर माझी भित किती दिस उभी राहील, त्ये सरकारनं लिवलंय का?"

काकांनी मोबाईल खिशात घातला. माणूस वाईट नाही. दीड हात सोडला तर वरच्या मजल्यावर जिना बसत नव्हता, एवढंच त्यांचं दुखणं.

मी मात्र पेटले. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. परीक्षा शुल्कावर लिहिली, बंद पडलेल्या एसटीवर लिहिली. पत्रक लिहिताना मला एक कळलंय, की राग थंड व्हायच्या आत कागदावर आला पाहिजे. त्याच संध्याकाळी मजकूर झाला. मथळा होता: 'गाव आमचं, पाऊस आमचा, नियम मात्र मुंबईचा?' आणि खाली जाड ठशात: 'गावाचा अधिकार गावाला द्या!' भोरमध्ये छापून आणलं, गुलाबी कागदावर, कारण दुकानात पांढरा संपला होता.

पत्रकातलं म्हणणं सरळ होतं. साऱ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली. जिथं पावसाळ्यात छत्री उघडायची की नाही असा प्रश्न पडतो त्या गावाला तीच आणि जिथं चार महिने कपडे वाळत नाहीत त्या गावालाही तीच. विधिमंडळात कायदा होतो, मंत्रालयात नियम होतो, पुण्यात प्राधिकरण शिक्का मारतं आणि भिजते आत्याची भिंत. ज्यांच्या अंगावर पाणी येतं त्यांना नियमात एक ओळ घालायचा हक्क नाही. आजही मी यातला शब्द मागं घेणार नाही.

वडिलांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं. ते भोर आगारात मेकॅनिक होते, कुठलीही वस्तू उलटीपालटी केल्याशिवाय मत देत नाहीत.

"भाषा झकास हाय," ते म्हणाले. "पर हे जाड अक्षरातलं वाचून जरा कापरं भरलं बघ."

"का? गावाला अधिकार नको?"

"गावाकडं सगळा अधिकार व्हता तवाचं सांगतो. तुझ्या आजोबांनी घरावर घालायला कौलं आणली. गावानं सांगितलं, वस्तीत कौलं न्हाई, गवतच घालायचं. गाडी भरून आलेली कौलं बांधाला रचून ठिवली, पाऊस खात. त्यो बी बांधकामाचाच नियम व्हता की. गावानं केलेला."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "त्यो नियम मोडला कुणी? गावानं न्हाई. वरच्या कायद्यानं. तवा तू वरच्या कायद्याला शिव्या घाल, पर जरा हात राखून."

मला राग आला. माझ्या पत्रकावर असा शेरा माझ्याच घरातून! पण खरं सांगायचं तर त्या शेऱ्यानं माझं काम अवघड केलं आणि चांगलं केलं. तोवर माझ्या डोक्यात मुंबई वाईट आणि गाव चांगलं असं सोपं चित्र होतं. आता दोन्हीकडं डोळे ठेवून भांडायचं होतं.

आधी पुण्याला प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब सभ्य निघाले, त्यामुळं माझी तयारी वाया गेली. त्यांनी वळचणीची रीत नीट ऐकून घेतली, एका कागदावर दोन छपरं काढून मलाच विचारलं, "असंच ना?" मी हो म्हटलं. तर म्हणाले, "रीत शहाणपणाची आहे. पण नियमावली राज्याची. ग्रामसभेनं ठराव दिला तर मी वर पाठवीन. नियमात भर घालायचा अधिकार तुम्हाला नाही."

"मग तुम्हाला?"

"मला तरी कुठं आहे?"

म्हणजे चूक कबूल, उपाय मान्य आणि अधिकार कुणालाच नाही. स्वारगेटवरून एसटीत बसले ती नसरापूर येईपर्यंत मनातल्या मनात पत्रकच लिहीत होते.

ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. देवळात घेतली असती तर वस्तीतली निम्मी माणसं आली नसती, हे सरपंचबाईंना ठाऊक आहे आणि म्हणून त्या आमच्या सरपंच आहेत. एरवी आमच्या ग्रामसभेला माणसं कमी आणि चहाचे कप जास्त. त्या दिवशी वऱ्हांडा भरून पोरं बाहेर पायऱ्यांवर बसली, कारण गडाच्या वाटेवर आता ज्याला त्याला खोल्या बांधायच्या आहेत. मी उभी राहिले तसा पायऱ्यांवरून आवाज आला:

"तुमच्या घराला वळचण, आमच्या धंद्याला अडचण!"

सगळे हसले. मीही हसले, यमक चांगलं जमलं होतं. मग आत्याच्या भिंतीचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं. काका उठून म्हणाले, "मला आक्काचं वाईट करायचं न्हाई. पर परवानगी हाय, कागद हाय. अजून काय पायजे?"

पुढं बसलेले एक म्हातारे शेतकरी, काकांच्याच भावकीतले, तंबाखू मळता मळता म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ दे. आखणीला दोरी कुणी धरली?"

आमच्या गावात घराची आखणी करताना दोरीचं एक टोक मालकाच्या हातात आणि दुसरं शेजाऱ्याच्या. शेजाऱ्यानं दोरी धरली की हद्द मान्य. मगच कुदळ मारायची.

"दोरी?" काका अडखळले. "इंजिनिअरचा माणूस व्हता. आन पल्याड खिळा ठोकला."

"खिळा तुझा शेजारी व्हय रं?"

वऱ्हांडा खदखदला. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात वडील उभे राहिले. ग्रामसभेत ते येतात, सही करतात, भिंतीला टेकून ऐकतात. बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दोरीची चाल लई चांगली," ते म्हणाले. "पर त्यो गोठा बांधला तवा मी शाळेत व्हतो. माझा बाप हद्दीवर उभा व्हता. त्याच्या हातात दोरी न्हाई दिली कुणी. दुसरं टोक बाभळीला बांधलं. तवा बाभळ व्हती, आता खिळा. तवा ह्यो एकटाच चुकला असं म्हणू नगा."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांचा तंबाखू तळहातावरच राहिला. मग तेच म्हातारे खाली बघत म्हणाले, "खरं हाय. म्या पायलंय."

वडिलांना कुणाला खाली बघायला लावायचं नव्हतं. ते लगेच पुढं म्हणाले, "ठराव करायचाच तर दोन गोष्टी लिवा. दोरी ज्याची हद्द त्याच्या हातात, मग त्यो गावातला असू दे न्हाईतर वस्तीतला. आन गावानं कायबी नियम करावा, पर कायदा जेवढं देतो त्याच्यापरीस कुणाला कमी द्यायचं न्हाई."

माझ्या अख्ख्या गुलाबी पत्रकात हे वाक्य नव्हतं.

दीड हात वळचण आणि वडिलांच्या दोन गोष्टी, असा ठराव सरपंचबाईंनी सांगितला, ग्रामसेवकांनी लिहून घेतला आणि पेन खाली ठेवत म्हणाले, "बाई, वर टिकायचा नाही हा."

"वर टिकतोय का त्ये वरचे बघतील. खाली टिकतोय का त्ये आपण बघू," बाई म्हणाल्या आणि चहा मागवला.

काका सभेत 'हो' म्हणाले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ते चहा न घेता गेले. आत्याच्या घरी त्या रात्री जेवण गेलं नाही. जिना बसला नाही तर मजला नाही, मजला नाही तर खोल्यांचं कर्ज कशातनं फेडायचं, असा हिशोब माणूस करणारच, हे तिलाही कळत होतं.

सकाळी काका वस्तीत आले. सोबत इंजिनिअर आणि पाटीत फक्की. इंजिनिअर माझ्याएवढाच, भोरचा. मी कंबर कसून बाहेर आले तर तोच म्हणाला, "ताई, भांडू नका. हद्दीपर्यंत जाता येतं असं नियम म्हणतो, गेलंच पाहिजे असं कुठं म्हणतो? आत सरकायला अडत नाही. सुधारित नकाशा मी देतो."

"आन जिना?" आत्यानं विचारलं. तिला त्याचीच काळजी.

"भाईरनं घेतो, रस्त्याकडनं," काका म्हणाले. "गडावर जाणारी माणसं हायेत, चढायची सवय हाय त्यांना."

मग त्यांनी दोरीचं टोक आत्याच्या हातात दिलं. गाजावाजा काही नाही, भाजीची जुडी द्यावी तसं. आत्यानं पदर खोचला, दोरी मुठीला गुंडाळली आणि हातानं मापत आत सरकली.

"आक्का, दीड हात ठरलाय. ह्ये दोन झालं."

"माझा हात लांब हाय."

"मग माझ्या हातानं मापा की!"

"तुझा आखूड हाय. लहानपणापास्नं."

शेवटी इंजिनिअरचा हात घेतला, तो मधला निघाला. वडील दारात उभे राहून बघत होते. चष्मा पुसायला त्यांनी बराच वेळ लावला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

आता कुणी म्हणेल, बघा, गावानं आपसात मिटवलं, कशाला हवा अधिकार? मी स्पष्ट सांगते: हे मिटलं कारण काका गावातले होते. त्यांना म्हाताऱ्यांसमोर लाज वाटली, आक्काचं तोंड रोज बघायचं होतं. उद्या शेजारचा तुकडा शहरातल्या कुणी घेतला, जेसीबी घेऊन आला आणि ग्रामसभेत आलाच नाही, तर लाज कुणाला वाटणार? भिंत लाजेवर उभी राहत नाही. म्हणून ठराव पुण्याला दिला, पोच घेतली, महिन्याकाठी चौकशीला जाते. साहेब मला बघून खुर्ची पुढं करतात. नियम अजून तसाच आहे. माझा रागही तसाच आहे, फक्त आता तो नीट जेवतो, झोपतो.

कारण पावसाळा गेला आणि भिंत उभी आहे. आषाढात पाऊस असा लागला की ओढ्यापलीकडचं दिसेना. मी रोज बोळात जाऊन भिंतीच्या पायाला हात लावायचे. वरून दोन्हीकडच्या पागोळ्या, खालून पाणी खळखळत ओढ्याला. भिंत गार होती, ओली नव्हती.

काकांच्या खोल्याही चालल्यात. त्यांच्या स्लॅबचा छज्जा बोळावर थोडा पुढं आलाय, त्यामुळं काकांच्या अर्ध्यात कोरडं राहतं आणि आत्याच्या अर्ध्यात तिच्याच कौलांची टपटप. आत्यानं हे हेरलं आणि आपलं सरपण काकांच्या अर्ध्यात रचलं. परवा गडावरून आलेल्या पोरांनी त्यातल्याच चार काटक्या ओढून शेकोटी केली. सकाळी बोळाच्या तोंडाशी दोघंही उभे.

"आक्का, वळचण पाण्याची हाय, सरपणाची न्हाई!"

"मग तुझी गिऱ्हाइकं माझ्या काटक्या जाळत्यात, त्ये कोणत्या नियमात बसतं?"

मी दारातून जात होते. आत्यानं मला हाक मारली, "ये गं, ह्याच्यावर लिव एक पत्रक!"

काका म्हणाले, "लिव की. माझी बाजू बी लिव."

मी म्हटलं, या प्रश्नात माझा अधिकार नाही, ग्रामसभेत घ्या. थट्टेत म्हटलं होतं. सोमवारी पंचायतीच्या फळ्यावर पुढच्या सभेचे विषय लागले. नळपाणी, दिवाबत्ती आणि तिसरा: बोळातील सरपण.