मुंग्यांचा द्रोण

अहेरीच्या बाजारात आमचे फूड इन्स्पेक्टर आले की मी माझ्या दुकानातली डाळ घाईघाईनं पाखडायचो. त्यांना एक सोंडा दिसला, तरी पोतं फेकायला लावत.

"सायेब, सोंडे तं सगळ्याइच्याच घरी लागते. ऊन दाखवलं का झालं."

"घरी लागले तं सोंडे. दुकानात लागले का माल कीडग्रस्त. कायदा हाये, भाऊ." आणि चष्मा पुसायचे.

एका बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर माडिया बाई द्रोणांत चटणीच्या लाल मुंग्या विकत बसली होती. साहेब थबकले. बाईनं द्रोण पदराआड ओढले.

"सायेब, यात तं सारे किडेच!" मी चिडवलं.

साहेब उकिडवे बसले. एक द्रोण मागून घेतला, काडीनं निरखून चाळला. आत तांदळाचा एक दाणा सापडला. तो चिमटीत धरून त्यांनी फेकून दिला.

"आता शुद्ध हाये," म्हणाले, आणि चटणीसाठी तोच द्रोण विकत घेतला.