रोलरला पडलेली पाच मतं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांचा उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरत होते. शिरूरला एसटी स्टँडच्या मागं एक ऑनलाइन सेंटर आहे, तिथं मी कामाला होते. माझं टायपिंग फास्ट, त्यामुळं माझ्याच टेबलापुढं जास्त गर्दी. फोन खांद्यात दाबून धरलेला. पलीकडून मामी म्हणाली, "अश्वे, मामा उठंना गं..." आणि मी काय केलं माहितीये? फॉर्म पूर्ण केला. बोटं थांबलीच नाहीत. गाव, तालुका, पिनकोड, सबमिट. पावती आजोबांच्या हातात दिली आणि मग खाली फरशीवर बसले.

याला आता सहा आठवडे झाले. सोपानमामा, माझ्या आईचा भाऊ, राहणार भांडगाव, तालुका दौंड. पाचवीपासून बारावीपर्यंत मी त्याच्याकडंच राहिले, म्हणून माझं मतदार यादीतलं नावपण तिथंच. समोर मी त्याला अहो-जाहो करायचे, पण लिहिताना ते जमत नाहीये, राहू दे. त्याला एक गोष्ट सांगायची राहून गेली. रोज उद्यावर ढकलत होते. आता उद्या नाही, म्हणून इथं सांगते.

मामाचा आजा मेंढरं घेऊन हिंडायचा. मामापर्यंत येईस्तोवर मेंढरं संपली, थोडी जमीन आणि एक पिकअप राहिली. त्या पिकअपवर निवडणूक आली की स्पीकर चढायचा. मामा एका गटाचा कट्टर कार्यकर्ता होता, आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त गौतममामा दुसऱ्या गटाचा. गौतममामा दौंडला रेल्वेत होता, आता रिटायर. एकदा बूथवर दोघांची बाचाबाची झाली आणि त्यानंतर नऊ वर्षं बोलणं बंद! घरं एकाच रस्त्यावर, मध्ये फक्त पाण्याची टाकी. मला आठवतंय, गौतममामा समोरून आला की मामा पिकअपचा आरसा पुसायला लागायचा. आरसा आधीच चकचकीत.

मग एक दिवस दौंडला दोन्ही गटांचे साहेब एकाच स्टेजवर चढले. पक्ष फुटले, जोडले गेले, कोण कुठं ते आम्हाला मोबाईलवर कळायच्या आधी स्टेजवर क्रेनला लटकवलेला हार दोघांच्या गळ्यात पडलासुद्धा. मामा तिथंच होता, खाली, पिकअपजवळ, मीपण. तिथनं तो आला तो घरी न येता थेट गौतममामाच्या दारात गेला. मी मागं हौद्यात झेंडे धरून बसले होते, त्यामुळं सगळं ऐकलं.

"गौतम, हायस का?"

आतून आवाज, "कोण हाय?"

"तुझा दुश्मन."

"कुठला? लई हायत मला."

"आरं, त्यांनी एकमेकाला पेढा भरवला. अर्धा अर्धा. आन् आपुन नऊ वर्सं एकमेकाच्या घरचं पाणी प्यालो न्हाई रं..."

मग कडी वाजली. "ये आत. चहाच हाय, पेढा न्हाई."

तेव्हापासून मामाला एक खूळच लागलं. म्हणजे सगळे खूळच म्हणायचे. तो पंचायत समितीला अपक्ष उभा राहिला. चांगली चांगली चिन्हं आधीच्यांनी नेली, ह्याच्या वाट्याला रोड रोलर. गावात हसून हसून पुरेवाट! "सोपाना, रोलर दाबला तर बोट चेपंल की." "सोपाना, रस्ता तर न्हाई, रोलर कुठं फिरवतो?" आणि एक जण सगळ्यात खवचट निघाला, "निवडून आलास तर कुठल्या गटात जाणार, तेवढं आधी सांग." मामा म्हणाला, "घरी जाणार. बायकोच्या गटात."

पत्रक मीच टाईप केलं. चार ओळी. मी म्हटलं, मामा, खाली 'आपला नम्र' वगैरे टाकू का, तर म्हणाला, "नम्र सगळेच असत्यात इलेक्शनला. खोडून टाक." मी एकदा म्हटलं, एवढा राग आहे तर नोटा दाबायचं, उभं कशाला राहायचं? तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "नोटा म्हंजी तू दार लावून आत बसलीस. बाहेरच्याला कसं कळंल, घरात कोण हाय का न्हाई? मी दार उघडून उंबऱ्यावर उभा हाय. येवढंच."

आणि त्याची एकच अट होती. आमच्याकडं मत पक्कं करायचं तर भंडारा उचलायला लावतात. खंडोबाचा भंडारा, हळद. ताटातली चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि नाव घेऊन सांगायचं की मत ह्यालाच. एकदा उचलला की विषय संपला. कितीही शिकलेला माणूस असो, तो मोडत नाही, घरावर येईल अशी भीती असते. मामा सगळीकडं सांगत फिरला, "माझ्यासाठी कुणी भंडारा उचलायचा न्हाई. उचलून दिलेलं मत भ्यालेलं असतंय. मला भ्यालेलं नगं."

जिंकायचं त्याच्या डोक्यातच नव्हतं. रात्रीच्या जेवणाला बोटं मोजून म्हणायचा, "दुसऱ्या गावात चुकून बी दाबत्यात लोकं. आपल्या बूथवर चुकून कोण दाबणार न्हाई, माझं थोबाड सगळ्यांना ठाव हाय. तवा इथलं खरं. मी, तुझी मामी, तू, गौतम आन् त्याची मंडळी शांताबाई. ही घरची पाच. ह्याच्यावर एक पडलं ना... एक! सोताच्या डोक्यानं दिलेलं, बिनभीतीचं. मग मी जितलो."

आता माझं.

आमच्या सेंटरच्या मालकांचे मेव्हणे त्याच जागेला उभे होते, गटाकडून. मतदानाच्या दोन दिवस आधी मालकांनी दौंड तालुक्यात मतदान असणाऱ्या आम्हा तिघींना आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर प्रिंटरशेजारी ताट. ताटात भंडारा, वर बेलाची पानं. मालक हसत हसतच म्हणाले, "जबरदस्ती न्हाई हां पोरींनो. ज्यांना काम टिकवायचंय त्यांनीच उचला." शेजारची हळूच कुजबुजली, डाव्या हातानं उचल, डाव्याचा लागत नाही. मी उजव्यानंच उचलला. का ते मला आजही सांगता येत नाही... डावा हात पुढं आलाच नाही. आमच्या घरात देव्हाऱ्यापुढं डावा हात कुणी करतच नाही ना, सवयच नाही.

मतदानाला भांडगावला गेले. मशीनपुढं उभी राहिले. खालून दुसरा रोलर, शेजारी मामाचं नाव, एवढं स्वच्छ. बोट तिथपर्यंत गेलं होतं, शप्पथ. मग कपाळावरचा पिवळा आठवला आणि बोट वर गेलं. बीप. शाळेच्या रस्त्यावर मामा उभा होता, शंभर मीटरच्या रेघेच्या बाहेर, अगदी नियमात.

"दाबलास का गं रोलर?"

"व्हय मामा."

म्हणजे तो शपथ मागत नव्हताच, भंडारा नाही, काही नाही. नुसतं विचारलं, आणि नुसतं ऐकून विश्वास ठेवला.

निकालाच्या दिवशी तो दौंडहून बूथवार आकडे कागदावर उतरवून आला. आमच्या बूथवर रोलरला किती? पाच. मामानं बोटं मोजली. "मी, मामी, तू, गौतम, शांताबाई. पाच. बरोबर." मग बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. "बाहेरचं एक बी न्हाई गं अश्वे. एक तरी पायजे व्हतं..."

मला त्याच सेकंदाला कळलं. कळतंय ना तुम्हाला? मी दिलंच नव्हतं. माझ्याशिवाय चार. तरी कागदावर पाच. म्हणजे एक होतं! बाहेरचं, बिनभीतीचं, कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं दिलेलं. तो जिंकला होता, त्याच्या हिशोबानं जिंकला होता, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. पण उघडलं असतं तर आधी "मी नाही दिलं" म्हणावं लागलं असतं, आणि तो "तू" म्हणताना माझ्याकडं ज्या तोंडानं बघत होता ना... मी भाकरी वाढायला आत गेले.

त्यानंतर मामा निवडणुकीवर बोलला नाही. चिडला वगैरे नाही, आवाजच कमी झाला. उरलेली पत्रकं पिकअपच्या सीटखाली घातली. शिरूरला आला की मार्केट यार्डात माल उतरवून सेंटरवर डोकवायचा, मला केळी देऊन जायचा. प्रत्येक वेळी मी ठरवायचे, आज सांगते. मोबाईलवर कितीदा टाईप केलं, 'मामा एक सांगायचंय'. मी एवढी फास्ट, आणि हे तीन शब्द मला पाठवता आले नाहीत. एका सकाळी तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

दहाव्याला नदीवर ही गर्दी. दोन्ही गट आले. रस्त्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स, मामाचा फोटो मध्ये आणि कडेनं दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो, त्याच्याहून मोठे. गौतममामा फ्लेक्स बघून म्हणाला, "आता तरी सोडा म्हणावं त्याला." सगळे पिंडाकडं बघत होते, कावळा कधी शिवतो. मी माणसांकडं बघत होते. एकेक चेहरा. हा? का ती? कुणी खाली मान घातली की मला वाटायचं, हाच. कुणी माझ्याकडं बघितलं की वाटायचं, ह्याला माहितीये की मी दिलं नाही. ते बीप अजून ऐकू येतं. मी ते सेंटर सोडलं, आता कंपनीत आहे, गेटवर पंच केलं की रोज सकाळी तेच बीप.

मागच्या रविवारी मामीला सांगितलं. चुलीपुढं बसलो होतो. एका दमात सगळं सांगून टाकलं, ताट, उजवा हात, खोटं बोलले ते, सगळं. वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. मामीनं फुंकणी खाली ठेवली.

"मी बी न्हाई दिलं," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही.

"बचत गटाच्या समद्या बायांनी उचलला. मंदिरात, वळीनं. माझ्या पुढं ताट आलं, मागं धा जणी उभ्या. कशी न्हाई म्हणू? सोताच्या नवऱ्याला न्हाई दिलं गं मी... आन् निकालाच्या राती त्येनी बोटं मोजली, तवा मला वाटलं, माझ्या वाटणीचं कुनी दिलं आसंल? लई इचार केला. तुझं तर पक्कं हाय आसंच धरलं व्हतं मी."

गौतममामा आणि शांताबाईचा प्रश्न नव्हता. ते बौद्ध, त्यांच्याकडं भंडाऱ्याचं ताट घेऊन जाणार कोण? म्हणजे घरची तीनच. आणि कागदावर पाच. एक नाही. दोन! तो एकासाठी झुरत होता आणि त्याला दोन पडली होती. त्याच्या ताटाला ताट लावून जेवणाऱ्या दोघी गप्प बसल्या होत्या, एकीला दुसरीचं माहीत नाही. मामीला रडू आलं आणि हसूपण आलं, दोन्ही एकदम. मी म्हटलं, मामी, मी शोधून काढते कोण ते. घरोघर जाते, विचारते, पाया पडते.

"खुळी का काय?" मामी एकदम ओरडली. "कुनाला इचारायचं न्हाई. त्या दोघांनी बी भंडारा उचलला आसंल तर? समद्यांच्या देखत उचलून मग रोलर दाबला आसंल तर? जगू दे त्यांना."

म्हणून विचारत नाही. हे लिहितेय ते मामीला वाचून दाखवलंय. तुम्ही दोघं कोण असाल ते असा, नाव सांगू नका. फक्त एवढं ऐका की ती मतं पोचली होती. ज्याला पोचली त्यालाच आम्ही कळू दिलं नाही, ते आमच्यावर आहे.

त्या दिवशी संध्याकाळी शिरूरला परत निघाले. घरापासून हायवेच्या स्टॉपपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता. पाण्याच्या टाकीपाशी एक म्हातारी बसलेली, तिला थांबून विचारलं, बऱ्या आहात का. पुढं दुधाचे कॅन लावणारा, त्याला राम राम. मग गौतममामाच्या ओट्यावरच्यांना जयभीम. किराणावाला, शाळेचे शिपाईमामा, मामाला नेहमी टोमणे मारणारा पंक्चरवाला. कोण ते माहीत नाही ना, मग कुणाला चुकवून कसं चालेल? पंक्चरवाला टायर तसाच सोडून उठला. "रोलर बंद पडला व्हय गं," एवढंच म्हणाला आणि बराच वेळ हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला... तो असेल. नसेलही. मी त्याला वाकून नमस्कार केला आणि पुढच्या माणसाकडं वळले. स्टॉपवर पोचेपर्यंत दोन गाड्या निघून गेल्या होत्या. मामाच्या पिकअपमधून हायवेला यायला अस्साच तास लागायचा, प्रत्येक दारापुढं ब्रेक. मी सीटवर चिडचिड करायचे, मामा, चला ना, किती लोकांशी बोलता...