हॅलोविनचा ‘सेफ’ बाउल

“अँब्युलन्स मागच्या गेटनं नाही का येऊ शकत? बाकीची मुलं घाबरतील,” ग्रेग म्हणाला.

ग्रेग आमचा साइट डायरेक्टर. डोळ्यावर समुद्री चाच्याची काळी पट्टी. त्याच्यासमोर कार्पेटवर सहा वर्षांची सानिका बसली होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. मी तिच्या मांडीत इंजेक्शन देऊन नुकताच फोन लावला होता.

“पुढच्या दारानं या,” मी फोनवर सांगितलं.

टेक्ससमधल्या प्लेनो शहरातल्या या सॉफ्टवेअर कंपनीत मी नर्स होते. एरवी काम डोकेदुखीचं आणि मनगटदुखीचं. हॅलोविनला मात्र कर्मचाऱ्यांची मुलं वेश करून यायची आणि एकेका क्युबिकलमधून कँडी गोळा करायची. सानिका टेस्टिंगमधल्या निखिलची मुलगी. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. म्हणजे दाण्याचा अंश पोटात गेला, तरी शरीर शत्रू आल्यासारखं चवताळतं, घसा सुजतो, श्वास कोंडतो.

निखिलनं आधीच येऊन मला सगळं सांगितलं होतं. मी ग्रेगला म्हटलं, “या वर्षी कँडी वाटायला नको.”

“हॅलोविन आहे, डेंटल कॅम्प नाही!” असं म्हणून त्यानं स्वतःच तोडगा काढला. एक वेगळा बाउल आणि त्यावर ‘सेफ’ असा नारिंगी बोर्ड. तोही लॅमिनेट केलेला. जणू लसच शोधून काढली होती!

आपले जोशीही काही कमी नव्हते. डेटाबेसमध्ये पीएचडी. “आम्ही दाण्याच्या कुटावर वाढलो. काय झालं आम्हाला? अमेरिकन फॅडं सगळी!” हे ते निखिलच्या तोंडावर म्हणाले. निखिल कसनुसा हसला. जोशी त्याच्या टीमचे सीनियर होते.

बाउल मी स्वतः भरला, प्रत्येक पाकीट वाचून. पण मुलांनी तो निम्मा केला आणि मी एका रडणाऱ्या परीचा गुडघा पुसत असताना ग्रेगनं शेजारच्या क्युबिकलमधल्या पिशवीतून तो परत भरला. चॉकलेट मी तपासलेल्याच ब्रँडचं, फक्त छोट्या आकाराचं. छोटा आकार पुष्कळदा दुसऱ्या मशीनवर बनतो आणि त्या मशीनवर दाणेही फिरतात. ते मोठ्या पिशवीवर छापलेलं असतं. पिशवी वाचायचे कष्ट साहेबांनी घेतले नाहीत.

सानिकानं विचारलं होतं, “डज इट हॅव पीनट्स?”

“इट सेज सेफ, स्वीटी!” ग्रेगनं बोर्ड दाखवला.

तिनं ते खाल्लं. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. मी पोचले तेव्हा निखिल अ‍ॅलर्जीचं सिरप शोधत होता आणि जोशी “पाणी पाजा, पाणी पाजा” म्हणत होते. सिरपनं अंगावरचं पित्त बसतं, घसा उघडत नाही. त्याला एपिपेनच लागतं, म्हणजे पेनासारखं तयार इंजेक्शन. तिच्या बॅगेतलं काढलं आणि फुलपाखराच्या पोशाखावरूनच मांडीत दाबून धरलं.

हळूहळू श्वास मोकळा झाला.

“शी’ज फाइन! मग अँब्युलन्स कॅन्सल करू या?” ग्रेग खुलला.

निखिलही डगमगला. “मावशी, बरी दिसतेय. घरी नेऊ का?”

“निखिल, औषधाचा जोर ओसरला की हे परत उलटू शकतं. हॉस्पिटल.”

उलटलंच. संध्याकाळी हॉस्पिटलात तिला दुसरा डोस द्यावा लागला. डॉक्टर शेजारीच होते म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली.

नंतरच्या मीटिंगमध्ये ग्रेग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “अशा मुलांना पालकांनी घरीच ठेवावं. रिस्पॉन्सिबिलिटी घ्यायला हवी.”

“बापानं आधी येऊन सांगितलं. पोरीनं खायच्या आधी विचारलं,” मी म्हटलं. “तिला उत्तर कोणी दिलं?”

“नेक्स्ट आयटम,” म्हणत ग्रेगनं पुढचा मुद्दा काढला.

त्यानंतर ऑफिसच्या हॅलोविनमधून खाऊ कायमचा गेला. ती कल्पना आपलीच असल्याचं ग्रेगनं सगळ्यांना मेल करून कळवलं. मी तो मेल डिलीट केला.

दुसऱ्याचं मूल जेव्हा “हे मी खाऊ का?” विचारतं, तेव्हा पाकीट वाचावं. वाचलं नसेल तर “मला माहीत नाही” म्हणावं. तीनच शब्द आहेत. डायरेक्टरलाही जमावेत.